विज्ञानाचे कुठले पॉडकास्ट ऐकावेत, आणि ते पारखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी होऊन सहा वर्षं झाली, आता शिकवण्यात दिवस जातो आणि संशोधनाचे पेपर वाचायला निवांत वेळ मिळत नाही. जाता-येता मिळून रोज तासभर कान मोकळे असतात. जीवशास्त्रात आणि एकूणच विज्ञानात काय चाललंय ते कळत राहावं म्हणून चांगले पॉडकास्ट कुठले, आणि ते शोधायचे कसे? ‘टॉप टेन’ छापाच्या याद्या चाळून झाल्या, पण त्यातले बरेचसे नुसत्या गप्पांचे निघाले.

मी पेशीजीवशास्त्राच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं काढली आहेत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं कानात कुठला ना कुठला पॉडकास्ट चालू आहे. नावं सांगतेच. पण आधी पारख सांगते, कारण कार्यक्रम बंद पडतात, सादर करणारी माणसं बदलतात आणि नावांची यादी दोन-तीन वर्षांत शिळी होते.

नवा पॉडकास्ट सापडला की त्यातला सगळ्यात गाजलेला एपिसोड लावू नका. ज्या विषयात तुमचा हात बसलाय, त्यावरचा एपिसोड शोधून आधी तो ऐका. तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्राचे, म्हणजे प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर एखादा तरी एपिसोड मिळेलच. तो लावा आणि बारकाईने ऐका. ‘जिवाणूंना औषधाची सवय होते’ एवढं म्हणून पुढे सरकतात का? की मोठ्या संख्येत एखाद-दुसरा जिवाणू आधीच तग धरणारा असतो, औषधाने बाकीचे मरतात आणि त्याची प्रजा वाढते, शिवाय प्रतिकाराची जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या वर्तुळावर बसून एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात, इथपर्यंत पोचतात? सोप्या शब्दांत सांगायला माझी काहीच हरकत नाही. सोपं आणि ढिसाळ यात मात्र फरक आहे, आणि तो तुम्हाला फक्त तुमच्याच विषयात ओळखता येतो. तुम्हाला माहीत असलेल्या विषयात जो कार्यक्रम ढिसाळ बोलतो, तो मेंदूविज्ञानात किंवा हवामानशास्त्रात अचानक नेमका बोलू लागेल असं मानायला काही आधार नाही. मी आजवर जेवढे पॉडकास्ट सोडले, त्यातले बहुतेक याच चाचणीत गेले.

दुसरी कसोटी: बोलणारी माणसं पेपर उघडतात का? म्हणजे निष्कर्ष सांगून थांबतात, की प्रयोग कसा केला, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले गट) काय होते, किती प्राण्यांवर केला, आकडे किती विखुरलेले होते, हे विचारतात? आणि एपिसोडखालच्या नोंदीत मूळ पेपरची लिंक देतात का? लिंक नसेल तर मी सहसा दुसरा एपिसोड ऐकत नाही. लिंक दिली म्हणजे पेपर वाचलाच असं नाही, पण निदान तो शोधलेला असतो, त्यामुळे ही एक छोटी गोष्ट बरंच सांगून जाते.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारा आणि तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा पॉडकास्ट म्हणजे ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’. ऐकणारे त्याला ‘ट्विव्ह’ म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले विषाणूशास्त्रज्ञ व्हिन्सेंट राकानिएलो आणि त्यांचे सहकारी डिक्सन डेस्पोमिए यांनी २००८ मध्ये तो सुरू केला, आणि त्याचे हजाराहून जास्त एपिसोड झाले आहेत. राकानिएलो म्हणजे १९८१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या लॅबमध्ये असताना पोलिओच्या विषाणूच्या आरएनएची डीएनएतली पूर्ण प्रत (क्लोन) बनवून, ती पेशींत घातल्यावर जिवंत विषाणू तयार होतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ. असा माणूस जेव्हा ‘हा कंट्रोल त्यांनी का केला नसेल?’ असं विचारतो, तेव्हा त्यामागे त्याची स्वतःची चाळीस वर्षांची हातकारागिरी असते.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कंटाळा येण्याची शक्यता आहे. एपिसोड दीड-दोन तासांचे, सुरुवातीला हवापाण्याच्या गप्पा, शेवटी श्रोत्यांची पत्रं. पण मधला भाग म्हणजे थेट लॅबमधला जर्नल क्लब, म्हणजे एकत्र बसून पेपर तपासायची बैठक असते. पहिली आकृती काय दाखवते, दुसरी काय दाखवते, हा निष्कर्ष या आकृतीवरून निघतो की लेखकांनी जरा ताणलाय, असं एकेक पाऊल टाकत जातात. कुणाला एखादी गोष्ट कळली नसेल तर ‘मला हे कळलं नाही’ असं माईकवर सरळ म्हणतात. शिकवणाऱ्या माणसाने हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं, कारण तयार झालेलं ज्ञान पाठ्यपुस्तकात मिळतं, पण शंका कशी घ्यायची याचा नमुना सहसा कुठे ऐकायला मिळत नाही. त्याच कुटुंबात जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीवांवरचा ‘धिस वीक इन मायक्रोबायॉलॉजी’, परजीवींवरचा ‘धिस वीक इन पॅरासिटिझम’ आणि प्रतिकारशक्तीवरचा ‘इम्यून’ असे भाऊबंद आहेत. तुम्ही मायक्रोबायॉलॉजीवाल्यापासून सुरुवात करा. राकानिएलोंची विषाणूशास्त्राची वर्गातली व्याख्यानंही यूट्यूबवर मोफत आहेत. पाया डळमळीत वाटला तर ती आधी.

आता साप्ताहिक बातम्यांचे पॉडकास्ट. ‘नेचर पॉडकास्ट’ २००५ पासून चालू आहे, दर आठवड्याला साधारण अर्धा तास. ‘सायन्स’ नियतकालिकाचाही तसाच साप्ताहिक पॉडकास्ट आहे. दोन्ही ऐकावेत, सादरीकरण नेटकं असतं आणि मूळ संशोधकाचा आवाज ऐकायला मिळतो. मात्र त्यांच्या रचनेतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या नियतकालिकांत येणाऱ्या पेपरवर एम्बार्गो असतो, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत त्याची बातमी करता येत नाही. ‘नेचर’चा एम्बार्गो बुधवारी उठतो, ‘सायन्स’चा गुरुवारी, आणि पॉडकास्टही त्याच सुमारास येतात. म्हणजे तुम्ही ऐकता तेव्हा त्या पेपरवर बाहेरच्या जगाने सहसा अजून फारसं काही बोललेलं नसतं. त्या दिवशी पेपर जास्तीत जास्त चांगला दिसतो.

हे किती महागात पडू शकतं ते पाहायचं असेल तर आर्सेनिकवाल्या जिवाणूची गोष्ट आठवा. डिसेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातल्या जीएफएजे-१ या जिवाणूवरचा पेपर ‘सायन्स’ने ऑनलाइन प्रसिद्ध केला. दावा असा होता की फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून हा जिवाणू वाढतो, अगदी डीएनएमध्येसुद्धा. नासाने पत्रकार परिषद घेतली, जगभर बातमी झाली. काही दिवसांतच रोझी रेडफील्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या ब्लॉगवर त्या पेपरची चिरफाड केली: डीएनए नीट शुद्ध केलेला दिसत नाही, आणि वाढीच्या माध्यमात फॉस्फेट थोडं का होईना, उरलेलं होतंच. जुलै २०१२ मध्ये तो दावा खोडणारे दोन पेपर ‘सायन्स’मध्येच आले. आणि ‘सायन्स’ने मूळ पेपर मागे घेतला तो जुलै २०२५ मध्ये, तोही लेखकांना मान्य नसताना. पहिल्या दिवशीची बातमी ऐकून जो थांबला असेल, त्याच्या डोक्यात आर्सेनिकचा डीएनए अजून असेल.

म्हणून मी जलद आणि संथ अशी जोडी ठेवते. जलद पॉडकास्टमधून काय आलंय ते कळतं. ते मी कच्चं धरते. संथ पॉडकास्ट, म्हणजे ‘ट्विव्ह’सारखे किंवा लांब मुलाखतींचे, महिना-सहा महिन्यांनी त्याच गोष्टीकडे परत येतात. दोन्हींत टिकलं ते पक्कं होत जातं. तासभर ऐकणार असाल तर आठवड्यातला एक दिवस जलदला आणि बाकीचे संथला, असं माझं प्रमाण आहे.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी उंदरांच्या आतड्यातले जिवाणू आणि त्यांचं वागणं यावरच्या एका नव्या पेपरची चर्चा मी ऐकली. बोलणारी संशोधक इतकी स्पष्ट आणि उत्साही होती की मी पेपर उघडलाच नाही. दोनच दिवसांनी आमच्या जर्नल क्लबमध्ये तो विषय निघाला आणि मी ‘हे आता दाखवून झालंय’ असं ठामपणे सांगितलं. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तिथल्या तिथे लॅपटॉपवर पेपर काढला, पद्धतींच्या भागात गेली आणि शांतपणे विचारलं, ‘मॅडम, एका गटातले सगळे उंदीर एकाच पिंजऱ्यात होते का?’ होते. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या उंदरांचे आतड्यातले जिवाणू आपोआप सारखे होत जातात. अशा प्रयोगात खरी संख्या उंदरांची धरायची नसते, पिंजऱ्यांची धरायची असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कानाने ऐकताना ते आठवलंच नाही, कारण आवाजात पिंजरे दिसत नाहीत. तेव्हापासून जे मी दुसऱ्याला सांगणार, त्याच्या पेपरचा पद्धतींचा भाग निदान एकदा डोळ्यांखालून घालते. तुम्ही तर वर्गात सांगणार आहात.

आता शोधायचं कसं. ॲपच्या शोधपेटीत ‘बायॉलॉजी’ किंवा ‘सायन्स’ टाकलंत तर लोकप्रियतेच्या क्रमाने यादी येते, आणि लोकप्रिय असणं आणि नेमकं असणं यांचा फारसा संबंध नाही. त्याऐवजी माणसाचं नाव टाका. बहुतेक ॲपमध्ये एपिसोडच्या शीर्षकात आणि वर्णनात शोधता येतं, आणि ‘लिसन नोट्स’ ही साइट खास पॉडकास्ट शोधण्यासाठीच आहे. नावं कुठून आणायची? ज्या विषयात रस आहे त्यावरचा अलीकडचा रिव्ह्यू पेपर (आजवरच्या कामाचा आढावा) घ्या; त्याचा शेवटचा लेखक बहुधा लॅबप्रमुख असतो. ते नाव टाका. मग त्या रिव्ह्यूत पुन्हापुन्हा येणारी आणखी दोन-तीन नावं टाका. एकच माणूस तीन वेगवेगळ्या पॉडकास्टवर पाहुणा म्हणून सापडला की त्या तिन्हींची तुलना आपोआप होते: कुणी त्याला खरे प्रश्न विचारले आणि कुणी नुसती वाहवा केली, ते लगेच कानात भरतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं, स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू पाहणाऱ्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) कामासाठी. घोषणेच्या दिवशी बातमीच्या पॉडकास्टमधून तुम्हाला एवढंच कळतं: तीन नावं, एक ओळ. आता ‘साकागुची’, ‘रेग्युलेटरी टी सेल’ आणि ‘फॉक्सपी३’ असे तीन वेगवेगळे शोध घ्या, आणि निकाल तारखेप्रमाणे लावून घोषणेच्या आधीचे एपिसोड निवडा. बक्षिसानंतरच्या मुलाखतींत प्रत्येकजण कौतुकाच्या मनःस्थितीत असतो; आधीच्या चर्चांत शंका, वाद, अडलेली कोडी असतात. ऐकताना गोष्टीचे सांधे लिहून घ्या: १९९५ मध्ये साकागुचींनी सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी वेगळ्या दाखवल्या, २००१ मध्ये ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ नावाच्या आजारी उंदरांच्या एक्स गुणसूत्रावर फॉक्सपी३ हे जनुक पकडलं, आणि त्याच जनुकातल्या बिघाडाने माणसांत होणारा आजारही सापडला, २००३ मध्ये, फॉक्सपी३ हेच जनुक साकागुचींच्या त्या पेशी घडवतं हे कळल्यावर, या दोन वाटा जुळल्या. एवढं हाती आलं की जुना पेपर वाचणं सोपं जातं, कारण कुठला प्रश्न अडलेला होता ते तुम्हाला आधीच माहीत असतं. वर्गात लिंगसंलग्न अनुवंशिकता शिकवताना त्या आजारी नर उंदरांचं उदाहरण द्या; रंगांधत्वापेक्षा मुलं त्यात जास्त रमतात.

शोधण्याची दुसरी चांगली वाट म्हणजे शास्त्रीय संस्था. ब्रिटनच्या जेनेटिक्स सोसायटीचा ‘जेनेटिक्स अनझिप्ड’ कॅट आर्नी यांनी सादर केलाय. जनुकशास्त्राचा इतिहास आणि आजचं काम दोन्ही त्यात येतं. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीचा ‘मीट द मायक्रोबायॉलॉजिस्ट’ तुमच्या कामाचा आहे.

बाकी मला आवडणारे झटपट सांगते. ‘बिग बायॉलॉजी’मध्ये मार्टी मार्टिन, आर्ट वुड्स यांच्यासारखे स्वतः संशोधन करणारे जीवशास्त्रज्ञ उत्क्रांती, पर्यावरण, शरीरक्रिया अशा विषयांवर लांब मुलाखती घेतात, तुमच्या शाखेबाहेरचं जीवशास्त्र समजून घ्यायला हा उत्तम. ‘नाइट सायन्स’मध्ये इताई यानाई आणि मार्टिन लेर्शर शास्त्रज्ञांना विचारतात की कल्पना सुचते कशी, रात्रीचं विज्ञान हा शब्द फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फ्रांस्वा जाकोब यांचा, पेपरमध्ये न दिसणाऱ्या चाचपडण्यासाठी वापरलेला. बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ १९९८ पासूनचा, मेल्विन ब्रॅग यांच्यामुळे ओळखला जाणारा: एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तास. नवं संशोधन तिथे शोधू नका, पण प्रकाशसंश्लेषण, एन्झाइम, परजीविता असे जुने एपिसोड पाया घट्ट करतात. ‘सायन्स व्हर्सेस’ मनोरंजक ढंगाचा आहे, आवाजांची बरीच आतषबाजी असते, तरी मी त्याला मानते, कारण प्रत्येक एपिसोडच्या लिखित प्रतीत वाक्यावाक्याला संदर्भ जोडलेले असतात. ‘नेकेड सायंटिस्ट्स’ केंब्रिजचा, क्रिस स्मिथ यांचा, प्रश्नोत्तरांसाठी चांगला. ‘रेडिओलॅब’ ऐकायला अप्रतिम आहे, पण तो गोष्टींसाठी ऐका, संशोधनाची खबर ठेवण्यासाठी नको.

दोन प्रकारांपासून मात्र लांब राहा. पहिला, आरोग्याचे ते पॉडकास्ट, जिथे बोलणाराच पूरक गोळ्या किंवा पावडरी विकतो. तो डॉक्टर असेल, प्राध्यापक असेल, पेपरची नावंही घेत असेल. पण जो पेपर त्याच्या मालाच्या विरोधात जातो तो तुमच्या कानापर्यंत येणार नाही, आणि काय गाळलं गेलंय हे ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही. दुसरा प्रकार नवा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गूगलच्या नोटबुकएलएममध्ये अशी सोय आली की पेपर चढवला की दोन आवाज त्यावर गप्पा मारतात, आणि तेव्हापासून पूर्णपणे यंत्राने बनवलेले पॉडकास्ट भराभर निघू लागले. स्वतःच्या हातातल्या पेपरची ओळख करून घ्यायला ती सोय वापरायला माझी हरकत नाही, समोर पेपर उघडा असेल तर. पण त्या आवाजांनी कधी पिपेट धरलेलं नसतं. पेपरचा कमकुवत आणि भक्कम भाग ते सारख्याच उत्साहाने सांगतात, आणि मधेच पेपरमध्ये नसलेलंही बोलून जातात. एखाद्या पॉडकास्टवर सादर करणाऱ्यांची नावंच नसतील, सगळे एपिसोड एकाच साच्याचे असतील आणि रोज चार-चार येत असतील, तर तो बहुधा या जातीचा.

ऐकण्याबद्दल थोडंसं. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, अशा कामातच ऐका. मी एकदा ९६ खाचांच्या प्लेटमध्ये नमुने भरताना एक रंगलेली चर्चा ऐकत होते. सातव्या रकान्यात नमुना पडला की नाही तेच आठवेना, आणि सकाळपासून जपलेले नमुने असलेली ती प्लेट टाकून द्यावी लागली. प्रवास, भांडी, चालणं ठीक. मोजणी, वजन, उत्तरपत्रिका नको. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या कुणालाही काही बोलण्याच्या ढबी कानाला जड जातात. तेव्हा वेग वाढवायच्या फंदात न पडता उलट थोडा कमी करा, आणि एपिसोडची लिखित प्रत मिळत असेल तर ती आधी चाळा. घरी पोचल्यावर तीन ओळी लिहा: प्रश्न काय होता, कसा तपासला, मला काय पटलं नाही. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर मी तो एपिसोड नीट ऐकला नाही असं धरते.

आणि पॉडकास्ट कितीही चांगले असले तरी कुणीतरी निवडलेलंच तुमच्यापर्यंत येतं. म्हणून पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरच्या सूचीवर तुमच्या विषयाचा एक शोध जतन करून त्याचा आठवड्याचा ईमेल चालू करा, जमल्यास बायोआर्काइव्ह या साइटवरच्या प्रीप्रिंटचाही (नियतकालिकाने तपासण्याआधीच टाकलेल्या पेपरचाही). शीर्षकं चाळायला दहा मिनिटं पुरतात. त्यात ओळखीचं नाव दिसलं की तेच नाव पॉडकास्टच्या शोधपेटीत टाका.

सुरुवातीला तीनच घ्या: ‘धिस वीक इन मायक्रोबायॉलॉजी’, ‘नेचर पॉडकास्ट’ आणि ‘बिग बायॉलॉजी’. दोन महिन्यांनी त्यातला जो तुम्ही सलग तीन वेळा पुढे ढकललात तो काढून टाका आणि त्या जागी तुम्ही स्वतः नाव शोधून सापडलेला एक घाला.